बार्नाबेचे तीन सूर

आन्सेल्म पुर्सलोचा ऑपेरा पॅरिसमध्ये तिसऱ्याच प्रयोगाला पडला, आणि महिन्याभरात तो दोन ट्रंका घेऊन फ्रेनुआला, आपल्या डोंगराळ गावी परत आला. वय छप्पन्न, लग्न नाही. थोरली बहीण फिलोमेन गावी एकटीच राहायची, तिच्याकडे त्याने मुक्काम ठोकला. मुलींना पियानो शिकवायचा, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, बाकीचा वेळ खिडकीशी बसून चरणाऱ्या गायी बघायचा. नवं काही लिहायचं नाव नाही.

अशी चार वर्षं गेली. मग एका सकाळी गावच्या बँडचा म्होरक्या, बेकरीवाला क्यूनो, टोपी हातात धरून दारात उभा राहिला. वसंतात बझांसाँ शहरात बँडच्या स्पर्धा होत्या.

"मास्तर, आमच्यासाठी काहीतरी लिहा. त्याच त्या धुना वाजवून आता आमचेच कान किटलेत."

आन्सेल्मने थोडे आढेवेढे घेतले, पण क्यूनो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्याने दौत उघडली होती. तीन आठवड्यांत चौदा मिनिटांची रचना तयार झाली. ऑपेरात जे जे कुणी ऐकून घेतलं नव्हतं, ते सगळं त्याने तिच्यात ओतलं.

शाळेच्या खोलीत पहिली तालीम झाली. क्लॅरिनेटवाले पहिल्याच पानावर अडकले. ढोलवाला कुठे पोचला होता ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आणि सगळ्यांत मागे बसलेल्या बार्नाबे झानरोच्या ट्युबातून, त्या अगडबंब पितळी कर्ण्यातून, सुराऐवजी नुसता वारा येत होता. फुस्स.

बार्नाबे गावचा चीज करणारा, शाळेत आन्सेल्मच्याच वर्गातला. तीस वर्षं ट्युबा त्याच्याकडेच होता. दोन वर्षांपूर्वी धार काढताना गायीने लाथ झाडली, त्यात त्याचे पुढचे दोन दात गेले, आणि तेव्हापासून वरचे सूर फुटेनात.

तालीम संपल्यावर क्यूनोने आन्सेल्मला बाजूला घेतलं. "तुमच्या लिहिण्याला तोड नाही, मास्तर. पण बार्नाबेचं काय करायचं? ट्युबा माझ्या जावयाला देऊ. तेवढं तुम्हीच सांगा त्याला. तुमचा बालमित्र आहे."

घरी सूप वाढताना फिलोमेनने सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू हो म्हणालास?"

"मी काहीच बोललो नाही, ताई."

"म्हणजे हो म्हणालास. जातोच आहेस तर चीज घेऊन ये. आणि जमिनीकडे बघत बोलू नकोस त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी तो बार्नाबेच्या तळघरात उतरला. फळ्यांवर जात्याच्या तळीएवढी चीजची चाकं रांगेने मांडलेली होती. बार्नाबे लहानशा हातोडीने एकेका चाकावर टकटक करत होता आणि कान लावून ऐकत होता.

"काय ऐकतोस?" आन्सेल्मने विचारलं.

"आत चीर पडली असली की आवाज पोकळ येतो. हे बघ, हे चांगलं आहे. हे शेजारचं लवकर खाऊन टाकायला हवं." त्याने हातोडी खाली ठेवली. "क्यूनोने पाठवलंय ना तुला?"

आन्सेल्मने मान खाली घातली.

"अरे, मला कळतं की. देऊन टाकतो." कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेला ट्युबा त्याने बाहेर काढला. "पण इथे रोज वाजवतो मी. खर्जातले तीन सूर अजून लागतात. ऐकतोस?"

त्याने वाजवले. एकामागून एक, सावकाश, श्वास पुरेल तितके लांब. तळघराच्या दगडांनी ते सूर धरून ठेवले. आन्सेल्म जिन्याच्या पायरीवर बसला. पॅरिसमध्ये त्याच्या हाताखाली साठ वादक होते, लिहू ते वाजवणारे. त्यांतल्या एकाचंही वाजवणं आपण असं बसून ऐकल्याचं त्याला आठवेना.

"परत वाजव," तो म्हणाला.

चीज विसरूनच तो घरी आला. फिलोमेन बोलायला तोंड उघडणार, तोच त्याने ते चौदा मिनिटांचं बाड चुलीजवळच्या लाकडांवर ठेवलं. "पेटवायला घे."

"पेटवायला माझ्याकडे काटक्या आहेत," असं म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं.

पुढचे पंधरा दिवस तो घरोघर हिंडला. पोस्टमनच्या क्लॅरिनेटवर कुठली सुरावट सहज निघते, क्यूनोचा श्वास किती पुरतो, ढोलवाल्याला कुठला ताल झोपेतही चुकत नाही, सगळं टिपून आणलं. मग लिहिलं ते सहा मिनिटांचं. तळाशी बार्नाबेचे तीन सूर, आणि बाकीचे सगळे त्यांच्या आधाराने चालणारे.

कागद बघून क्यूनोचा चेहरा उतरला. "मास्तर, यात ट्युबाला तीनच सूर?"

"तीनच. आणि ते बार्नाबेच वाजवील. नाहीतर कागद परत द्या."

क्यूनोचा जावई आठवडाभर बोलला नाही कुणाशी.

बझांसाँला अकरा बँडांमध्ये फ्रेनुआचा चौथा नंबर आला. बक्षीस तीनच नंबरांना होतं. पण शेवटचा सूर विरल्यावर पुढच्या बाकावर बसलेल्या फिलोमेनने हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत तिने भावाला मोठा सॉसेज कापून दिला आणि म्हणाली, "तुझा ऑपेरा मला कळला नव्हता. हे कळलं."

महिन्याभराने दुसऱ्या एका शहरातल्या बँडच्या म्होरक्याचं पत्र आलं. रचना त्यांना वाजवायची होती. फक्त त्यांचा ट्युबावाला फार तयारीचा असल्यामुळे त्याच्यासाठी चार जास्तीचे सूर घालायला परवानगी हवी होती.

आन्सेल्मने ते पत्र तळघरात नेऊन वाचून दाखवलं. बार्नाबे हातोडी थांबवून ऐकत राहिला.

"मग काय लिहिणार आहेस?"

"तूच सांग. सूर तुझे आहेत."

बार्नाबेने शेजारच्या चाकावर एकदा टकटक केलं. "त्याला लिही, आधी दोन दात काढून घे म्हणावं."

आन्सेल्म इतका हसला की त्याला फळीचा आधार घ्यावा लागला. उत्तर त्याने त्याच दुपारी, पुष्कळ सभ्य शब्दांत, पाठवलं: परवानगी नाही. आणि मग दौत उघडीच होती म्हणून पुढच्या वर्षाच्या रचनेची पहिली ओळ लिहायला घेतली.