लुपेच्या जन्माचं कापड

लुपे काटोआकडे ते कापड कुणी मागितलं नव्हतं. तिने आपणहून दिलं होतं, आणि पुढे मैथिलीला सगळ्यात जास्त हेच टोचत राहिलं.

लुपे सिडनीतल्या ग्रॅनव्हिलमध्ये, बंद पडलेल्या एका टायरच्या दुकानात चित्रं छापायची. आईबाप टोंगा बेटांवरून आलेले, ती स्वतः इथेच वाढलेली. चाळिशीची, आडव्या बांध्याची, हसली की शटरचा पत्रा थरथरावा अशी. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्ट्यांवर नक्षी कोरायची, तपकिरी-काळी शाई लावून माणसाएवढ्या कागदांवर छापायची आणि मग त्यावर ब्रशने रंगवत बसायची. मैथिली राहायला गिरावीनला. आठवडाभर ती एका कंपनीत जॅमच्या बाटल्यांची लेबलं डिझाइन करायची आणि शनिवारी लुपेकडे कोरीवकाम शिकायला जायची. तिच्या आठवड्यातला तेवढाच एक दिवस तिला स्वतःचा वाटायचा.

मराठी मंडळाने कॅसल हिलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये 'सर्वांची संस्कृती' असा दिवस ठरवला, तेव्हा मैथिलीने लुपेला विचारलं, "तुझी चार प्रिंट्स लावू का गं तिथे?"

"नुसती प्रिंट्स कशाला?" लुपे म्हणाली. "या रेषा कुठून येतात तेही बघू देत की लोकांना."

तिने कपाटाच्या वरून चादरीत गुंडाळलेली वळकटी काढली आणि जमिनीवर उलगडली. झाडाची आतली साल कुटून कुटून केलेलं कापड. टोंगात त्याला न्गातू म्हणतात. जाडसर, किंचित खरखरीत, त्यावर सालीच्याच रंगाने उमटवलेली नक्षी. लुपे जन्मली तेव्हा तिच्या आजीने गावातल्या बायकांना घेऊन ते केलं होतं. मैथिलीने वाकून वास घेतला. धूर, माती आणि जुन्या लाकडासारखं काहीतरी.

"बांबूवरून नुसतं सोडा," लुपे म्हणाली. "खिळे नकोत, टेप नको. लांब वाटलं तर मागे दुमडा."

मैथिलीने हे नवऱ्याला, निनादला, जसंच्या तसं सांगितलं. स्टेजची सजावट त्याच्याकडे होती. "खिळे नाही, टेप नाही, दुमडायचं," तिने दोनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून. तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "नो वरीज, बायको."

कार्यक्रमाच्या दिवशी ती लुपेला आणि तिच्या आत्याला गाडीतून आणायला गेली. आत्याचं नाव मेलेनाइते. वय झालेलं, गुडघे दुखणारे, पण टोंगाच्या रीतीप्रमाणे कमरेला विणलेली चटई बांधून अशी ताठ बसलेली, की मैथिलीने आपोआप रेडिओ बंद केला. "आमच्याकडे बापाच्या बहिणीचा शब्द शेवटचा," लुपेने हळूच सांगितलं. "हे कापड कुटलंय तिनेच, आजीच्या शेजारी बसून. तिला विचारूनच दिलं मी."

हॉलमध्ये ढोल चालू होता. मंडळाच्या अध्यक्ष चित्रलेखाताई पैठणी सावरत धावत आल्या, हातात शाल आणि नारळ. "वेलकम, वेलकम! अगं मैथिली, स्टेज बघ काय दिसतंय! निनादने तर कमाल केली."

मैथिलीने स्टेजकडे पाहिलं. न्गातू मधोमध होता, एका चौकोनी लाकडी फ्रेमवर ताणून बसवलेला. कडेने स्टेपलरच्या पिनांची रांग चमकत होती. वर थर्मोकोलची अक्षरं डकवली होती. आणि खाली, जिथे नक्षीतले दोन पक्षी एकमेकांना भिडत होते, तिथे ते भिडत नव्हते. कापड तिथेच संपलं होतं, सरळ रेषेत. एका पक्ष्याला अंगच नव्हतं.

ती लुपेकडे बघूच शकली नाही.

चित्रलेखाताईंनी लुपेला हाताला धरून वर नेलं, खांद्यावर शाल घातली आणि माइक पुढे केला. "आमच्या पाहुण्या कलाकार! दोन शब्द बोला."

लुपे माइक धरून फ्रेमकडे बघत राहिली. मग तिने शांतपणे विचारलं, "हे कुणी कापलं?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कौतुकाने विचारतेय. निनाद पुढच्या रांगेतून उठला, हसत, हात वर करून. "मी! फ्रेम छोटी पडत होती ना, मग बॉक्स कटर घेतला. एकदम परफेक्ट फिट!" पुन्हा टाळ्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

मैथिली चौदा वर्षं या माणसाशेजारी झोपत होती. त्याचं घोरणं, बेसिनमध्ये राहिलेले दाढीचे केस, सगळं तिने पचवलं होतं. पण त्या हसऱ्या चेहऱ्याची, टाळ्यांसाठी वर गेलेल्या त्या हाताची तिला जी शिसारी आली, तशी आजवर कधी आली नव्हती.

"आणि उरलेलं?" लुपेने विचारलं.

निनादने खाण्याच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "वाया नाही घालवलं! टेबलावर घातलं ना."

मैथिली धावली. टेबलावर भज्यांचे, पुलावाचे ट्रे होते आणि खाली चकचकीत प्लॅस्टिक. भांडी पुसत असलेल्या उल्हासकाकांना तिने विचारलं.

"ते तपकिरी होय? अगं, त्यावर भज्यांचं तेल सांडलं, चिकचिकाट झाला. टाकलं मी. मागे बिनमध्ये बघ."

हॉलमागे कचऱ्याचं, लाल झाकणाचं मोठं बिन होतं. झाकण उघडताच आंबट भपकारा आला. मैथिलीने बाह्या वर केल्या आणि हात घातला. भाताने चिकटलेल्या कागदी प्लेटा, खिरीचे कप, कुणाचा तरी भरलेला डायपर. सगळ्याच्या खाली ती पट्टी होती. तेलाने पारदर्शक झालेली, एका टोकाला कुणीतरी हात पुसलेले, पिवळी बोटं तशीच उमटलेली. तिला उमासा आला. ती भिंतीला टेकून ओकली, तोंड पुसलं आणि पट्टी दोन्ही हातांवर घेऊन आत गेली.

चित्रलेखाताई वाटेतच भेटल्या. त्यांनी नाकाला पदर लावला. "अगं, शी! ते कशाला आणतेस आत? लोक जेवतायत."

"तुम्हीच वाढलंत ना त्यावर?"

"आवाज खाली कर. झाडाची साल आहे ती. आपण दुसरी घेऊन देऊ त्यांना, ऑनलाइन मिळत असेल. एवढी शाल घातली, मान दिला..."

मैथिली त्यांना वळसा घालून पट्टीसकट स्टेजकडे गेली.

लुपेची आत्या स्टेजवर चढली होती. गुडघे धरत ती फ्रेमपुढे बसली आणि नखाने एकेक पिन काढू लागली. लुपे तिच्याशेजारी बसली. स्टेजच्या दुसऱ्या बाजूला लेझीम सुरू झाली, कारण कार्यक्रमाला उशीर होत होता. लेझमींचा, ढोलाचा गलका आणि मधे दोन बायका पिना काढतायत. पुढच्या रांगेतले लोक फोन उंच धरून दोन्ही एका फ्रेममध्ये घेत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत भज्यांचा वास भरला होता. ग्रॅनव्हिल आलं तेव्हा लुपे म्हणाली, "आम्हीही कापतो, मैथिली. लग्नात, मयताला. कापून वाटतो. कुणाला किती, ते आत्या ठरवते." मग दार उघडत म्हणाली, "पुढच्या शनिवारी येऊ नकोस."

त्यानंतरचे दिवस घरात वाईट गेले. निनादला कळेचना. "मी सॉरी म्हणतो ना! मला काय माहीत एवढं सेंटिमेंटल आहे ते?"

"माहीत असायला काय हवं होतं? दुमडायचं म्हणून दोनदा सांगितलं होतं."

"दुमडून फुगवटा येत होता. स्टेज माझ्यावर होतं. लोक मलाच हसले असते."

एवढंच कारण होतं. त्यात राग नव्हता, दुष्टावाही नव्हता, आणि म्हणूनच मैथिलीला ते जास्त घाणेरडं वाटलं. मंडळाच्या ग्रुपवर चित्रलेखाताईंनी फोटो टाकले होते, खाली लिहिलं होतं, 'टोंगन भगिनींचा हृद्य सत्कार'. फोटोत शाल होती, नारळ होता, कापलेला पक्षी नेमका माइकच्या मागे लपला होता. त्रेसष्ट जणांनी हात जोडले होते. मैथिली ग्रुपमधून बाहेर पडली. ती बाहेर पडल्याचंही कुणी विचारलं नाही.

महिन्याभराने लुपेचा फोन आला. "चर्चच्या हॉलमध्ये कापड जोडतोय. आत्या म्हणते, जिने बिनमधून काढलं तिला बोलाव. हात कमी पडतायत."

निनाद म्हणाला, "मी सोडतो तुला. मला पण माफी मागायचीय."

हॉलमध्ये लांब टेबलाभोवती सहा-सात बायका बसल्या होत्या. कापडाचे दोन्ही भाग समोर पसरलेले, मधे खळीचं पातेलं. निनादने दारातूनच सुरुवात केली, "आँटी, आय ॲम रिअली सॉरी. ते कुठे नवीन मिळत असेल तर मी..."

"हाच का?" आत्याने लुपेला विचारलं.

"हाच."

आत्याने ती तेलकट पट्टी उचलून त्याच्यासमोर धरली. "वास घे."

निनाद कसनुसा हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून वाकला. महिनाभर मुरलेलं तेल खवट झालं होतं. त्याचं नाक आक्रसलं, मान मागे गेली.

"कसला आहे?"

"भज्यांचा... तेलाचा."

"माझ्या आईच्या घराचा होता," आत्या म्हणाली. "चुलीचा, तिच्या चटईचा. लुपे लहानपणी यात तोंड खुपसून झोपायची. हा वास कुठे नवीन मिळतो?"

निनादला बोलायला काही सुचलं नाही, असं मैथिलीने चौदा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. तिला वाटलं होतं, असं झालं की आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तिला त्याचीही किळसच आली, थोडी कीवही. पण किळस जास्त.

"डाग जाईल का?" तिने लुपेला विचारलं.

"नाही. पाठीमागून ठिगळ लावू, म्हणजे फाटणार तरी नाही. वास राहील." लुपेने खुर्ची ओढली. "हात धू. साबणाने, दोनदा."

मैथिलीने हात धुतले आणि बसली. खळ गार, बुळबुळीत होती. आत्याने तिचं बोट धरून दाखवलं, कडेला किती लावायची, कुठे दाबायचं. निनाद दाराशी उभा होता. त्याला कुणी ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. शेवटी तो बाहेर जाऊन गाडीत बसला. मैथिली पट्टीची दुसरी कड घेऊन खळ लावत राहिली, तोंडाने श्वास घेत.