कोऱ्या पानावरची लाल दुरुस्ती

मी पोलिश व्याकरणाचं पुस्तक बोलतोय. ऐका, नाहीतर मिटून ठेवा. मला दोन्हीची सवय आहे.

लुब्लिनच्या एका छापखान्यात जन्मलो. पोटात सात विभक्ती आणि मधूनमधून जेवणाच्या टेबलाभोवती हसणारी चित्रातली कुटुंबं. तसं हसणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

हालिनाबाईंनी मला विकत घेतलं. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली बाई. त्या निवृत्त झाल्या, त्यांचं लाल पेन झालं नाही. बेकरीच्या पाटीवरच्या चुका काढायच्या, थडग्यावरच्यासुद्धा. लोक विदुषी म्हणायचे. मी एवढंच पाहिलं, की त्या कुणाचंच ऐकत नव्हत्या.

मुलगा शिमोन जॉर्जियाची बायको घेऊन आला. तामुना. बाईंनी मला तिच्या हातात कोंबलं. "आधी हे पाठ कर, मग माझ्याशी बोल."

ती बेकरीतल्या कामावरून येऊन वाचायची. तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे माझ्यावर अजून आहेत.

"आई, सूप उतू जातंय—"

"शब्दाचा शेवट चुकला, विभक्ती चुकली. पुन्हा म्हण."

"आई, सूप—"

"पुन्हा!"

वाक्य बरोबर आलं. तोवर बीटाचं सूप शेगडीभर झालं होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथं जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात पातळ पांढरी पापडी देतात. समोरच्याच्या पापडीचा तुकडा मोडायचा, डोळ्यांत बघायचं, मनातलं बोलायचं. कुणालाही वगळायचं नाही, आणि सुरुवात घरातल्या थोरल्यांपासून.

तामुनानं अकरा दिवस माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर एकच वाक्य घोटलं. शिमोनलाही तिनं सांगितलं नव्हतं. सासूला आधी सांगायचं, इथली रीत पाळायची, म्हणजे आपण या घरातले होऊ, असं तिला वाटत होतं.

त्या संध्याकाळी तिनं बाईंच्या पापडीचा तुकडा मोडला.

"आई, तुमची तब्येत ठणठणीत राहू दे. जूनमध्ये तुम्हाला नातवंड उचलून घ्यायचंय."

"अगं, शेवट! किती वेळा सांगितलं? पुन्हा म्हण."

पलीकडं मासा वाढणाऱ्या शिमोनला फक्त आईचं 'पुन्हा' ऐकू आलं, तो हसला. "आई, आज तरी सुट्टी दे की तिला!"

"लाडावून ठेव तू. हं, पुन्हा."

तामुनानं तो तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाली, "काही नाही. तब्येत सांभाळा."

हे मात्र बिनचूक आलं. बाई खूश झाल्या.

फेब्रुवारीत ती माहेरी कुताइसीला गेली. महिन्याभरात शिमोनही गेला. जाताना आईला एवढंच म्हणाला, "तिनं तुला सांगितलं होतं." बाईंना वाटलं, जाण्याबद्दल बोलतोय.

मी फळीवर धूळ खात पडलो. वाईट वाटलं का? कागदाला काय वाटायचं.

परवा, जून संपता संपता, बाईंनी मला पुसायला घेतलं. शेवटचं पान उघडलं. हातात पेन आलंच. चुकलेल्या शब्दाला गोल केला, वर बरोबर रूप लिहिलं.

आणि मग वाक्य वाचलं.

तेव्हापासून मी टेबलावर उघडा पडलोय. बाई समोर बसून आहेत. पेनचं टोपण सापडत नाहीये, शाई वाळत चाललीय.

बाई, मला मिटा. फोन लावा. शेवट चुकला तर चुकू द्या.