लोणारी शेठची गादी

सहादू गांगुर्डे नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामाला होता. तिथं साहेबसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे. पण मेनरोडवरच्या लोणारी शेठच्या दुकानाचं नाव निघालं की हा गडी विषयच बदलायचा.

दुकान पुरुषांच्या कपड्यांचं. धोतर, नेहरू शर्ट, टोपी, फेटे. लग्नाचं गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला पांढऱ्याशुभ्र गादीवर लोडाला टेकवून बसवायचे, चहा मागवायचे, आपल्या हातानं टोपी घालून आरसा पुढं धरायचे. या सरबराईसाठी लोक पार चांदवडहून यायचे. सहादूच्या बापानं मात्र ती गादी पायरीवरूनच पाहिली होती. थोरल्या शेठच्या काळात त्याला वर घेत नसत. धोतरजोडी पायरीवर टाकायचे, ती उचलून म्हातारा मुकाट घरी यायचा. म्हणून सत्त्याहत्तर साली पोराचं लग्न ठरलं तेव्हा सहादूनं बायकोला ठणकावून सांगितलं, कपडे तिथूनच घ्यायचे आणि गादीवर बसून घ्यायचे.

विमलाबाई म्हणाली, नाशिक रोडला काय दुकानं मेलीत? पण एकट्याला सोडलं तर हा माणूस भांडण विकत घेऊन येईल, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती सोबत निघाली. त्यात आदल्याच दिवशी उन्हाळा सोसवेना म्हणून सहादूनं डोक्याचा चकोट करून घेतला होता. वरबापाचं हे ध्यान बघून ती बसमध्ये सगळ्या वाटेनं तोंडसुख घेत होती.

दुकानात चांदवडकडचं एक वऱ्हाड गादीवर ऐसपैस पसरलं होतं. हसणं-खिदळणं चाललेलं, चहाच्या कपबशा फिरत होत्या. पन्नाशीचा सोमा नावाचा नोकर पुढं आला. सहादूनं घसा साफ करून सांगितलं, दोन धोतरं, तीन नेहरू शर्ट, पायजमा, टोप्या. सगळं पांढरं. रंगीत काठसुद्धा नको.

सोमानं त्याच्या डोक्याकडं पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला. सहादू चपला काढून गादीवर चढणार, तोच त्यानं हात जोडून भिंतीलगतचं बाकडं दाखवलं. इथंच टेका काका, म्हणाला.

सहादूची कानशिलं तापली. मग तर कहरच झाला. चहाचा पोऱ्या त्यांना वळसा घालून गेला. सोमा कापड दाखवायचा, पण मान खाली घालून. सहादू घासाघीस करायला कंबर कसून आला होता, तर यानं पहिलाच भाव इतका कमी सांगितला की भांडायला जागाच उरली नाही. म्हणजे लवकर घ्या आणि चालते व्हा, असंच ना? बापाच्या वेळी पायरी होती, आता बाकडं आलं, एवढीच काय ती सुधारणा. त्याला भयंकर वाईट वाटलं. राग तर आलाच, पण त्याखाली रडू होतं.

तो ताडकन उठला. तेवढ्यात दुकानाचे आताचे मालक अंबादास शेठ स्वतः गादीवरून उतरून आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "कोण गेलं हो घरातलं?"

उत्तर विमलाबाईनं दिलं. "कुनी गेलं नाय, शेठ. घरात सून यायचीय."

"मग हे सगळं पांढरं?"

"आमच्यात लगीन पांढऱ्यातच लागतं. बुद्धाचं हाय आमचं."

शेठनी सहादूच्या चकोटाकडं पाहिलं, मग सोमाकडं, आणि कपाळावर हात मारून घेतला. रामकुंड हाकेच्या अंतरावर. दहाव्याचे विधी उरकून डोकी भादरलेले लोक रोज कुणी ना कुणी यायचे, पांढरं धोतर, पांढरी टोपी मागायचे. त्यांच्यासाठी दुकानाची रीत ठरलेली होती. दुःखातल्या माणसाला गादीवर बसा म्हणायचं नाही, चहा विचारायचा नाही, हसायचं नाही, आणि भावात एक पैसा चढ लावायचा नाही. सोमानं बिचाऱ्यानं ती रीत काटेकोर पाळली होती.

विमलाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की चांदवडचं वऱ्हाडही बघायला लागलं. सहादूही हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. शेठनी त्याचा हात धरून त्याला वर नेलं, लोड सरकवून दिला, चकोटावर टोपी घालून आरसा धरला. चहा आला. शिवाय, दुःखाचा भाव आता लग्नालाही तोच राहील, असं शेठनी कबूल केलं.

खरेदी बांधून झाली तरी सहादू उठेना. चांदवडचं वऱ्हाड निघून गेलं. विमलाबाईनं दोनदा खुणावलं. तेवढ्यात पायरीशी पेठ तालुक्यातला एक म्हातारा येऊन थबकला. चपला हातात, नजर गादीवर, आत यावं की नाही या विचारात. सोमा कपड्यांच्या घड्या घालण्यात गुंग होता, शेठ पाठमोरे.

सहादू सरकला आणि शेजारची जागा त्यानं हातानं झटकली.

"वर या, बाबा," तो म्हणाला. "हितं बसा. जागा लय हाय."

म्हातारा भीत भीत आला, टेकला आणि यालाच मालक समजून म्हणाला, "शेठ, एक धोतर पायजे."

सहादूनं चूक सुधारली नाही. लोडाला नीट टेकला आणि आतल्या बाजूला हाक दिली, "सोमा, बाबांना धोतर दाखव. आणि आधी चहा सांग."