कानशीखालचा दात

भाजलेलं मक्याचं कणीस खाताना माणसाचं जाऊन जाऊन काय जातं? फार तर दातात साल अडकतं. देकच्या तोंडात मात्र ‘कट्’ असा आवाज झाला आणि जिभेवर कणीएवढा खडा आला. तिने तो तळहातावर घेतला. पांढरट, कडेला चहाच्या डागासारखा तपकिरी. तो मक्याचा नव्हता. तिच्या स्वतःच्या पुढच्या दातातलं सिमेंट होतं.

देकच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण परवा तिचे दात कानसायचे होते. देवळाचे पुजारी जेरो मंकू येणार, मंत्र म्हणणार आणि वरचे सहा दात कानशीने घासून एका रेषेत आणणार. सहा दात म्हणजे सहा रिपू. काम, क्रोध, लोभ सगळे घासून बोथट करायचे, की झाली पोरगी शहाण्या माणसांत जमा. गेला महिनाभर देक शाळेत ऐटीत सांगत होती, “माझे दोन रिपू आधीच सिमेंटमध्ये गाडलेत गं, जेरोंना चारच घासायला लागणार!” वर्ग खो खो हसायचा. लहानपणी ती देवळाच्या पायरीवर तोंडघशी पडली होती. पुढचे दोन्ही दात तिरके तुटले आणि बाजारातल्या दातवाल्याने ते लिंपून दिले. गणपतीच्या मूर्तीचा कान लिंपावा तसे. इतकी वर्षं टिकले होते बिचारे.

आणि आज, ऐन वेळी, हे!

अंगणापलीकडे चौथऱ्यावरच्या पलंगावर बापा पडला होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातपाय काटक्या. दवाखान्यातून परत पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, “घरी न्या, आवडेल ते खायला द्या.” हे वाक्य गोड असतं, पण त्याचा अर्थ काय ते गावातल्या कोंबड्यांनाही कळतं. मुलीचे दात कानसून देणं हे आईबापाचं शेवटचं काम. ते राहिलं तर मेल्यावर बाप लेकीला ओळखत नाही, लेक बापाला ओळखत नाही, असं सगळे म्हणतात. आणि बापा त्याआधीच गेला तर घराला सुतक. मग कसले दात आणि कसलं काय.

म्हणून पुजाऱ्यांनी परवाचा दिवस काढून दिला होता. ब्ली राकाचं, म्हणजे देकच्या थोरल्या भावाचं लग्न आणि देकचे दात, दोन्ही एकाच मांडवात. नंतरचा चांगला दिवस फार लांब होता. इतका लांब, की तो कधी आहे हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

“आ कर,” मेमेने, म्हणजे आईने, तिला स्वयंपाकघरात ओढलं. तिने आत डोकावून पाहिलं आणि पटकन तोंड मिटवलं. देकचंच. “काही झालेलं नाही. हात लावायचा नाही. जुनी चोळी उसवायला घेतली की अख्खी फाटते.”

“मेमे, उजवा हलतोय!”

“हलू दे. दोन दिवस भात गिळ.”

तेवढ्यात इवा आलीच. इवा म्हणजे बापाची थोरली बहीण. केळीची पानं कापता कापता हिचे कान भिंतीपलीकडे असतात. “मी म्हणते, ते सगळं उपटून टाका. कानस दातावर चालवतात, भिंतीवर नाही. आत जो काय खुंट असेल तो घासा. देवाला खरं लागतं.”

“देवाला खरं लागतं, मग तू केस का रंगवतेस इवा?” देक म्हणाली.

“दात पडले तरी जीभ शाबूत राहील हिची!” इवा सुरी आपटून म्हणाली.

ब्ली राकाने मोटरसायकल काढली. अंगाला हळद लागायच्या वेळी बहिणीला गिआन्यारला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला लागतंय, असा चेहरा करून तो बसला. पण बसला.

डॉक्टर तरुण होती, स्वतःचे दात कानसलेली, हसली की रेष सरळ. तिने आरसा फिरवला, सुईने टोकून पाहिलं, फोटो काढला आणि पडद्यावर लावला.

“डावं फिलिंग पिवळं पडलंय, पण घट्ट आहे. ते राहू दे. रंग गेला म्हणजे काम गेलं असं नाही. ते काढायला गेलं तर चांगला दातही खरवडला जातो.”

“आणि उजवं?”

डॉक्टरने पडद्यावर एका काळ्या सावलीवर बोट ठेवलं. “याच्या खाली किडलंय. कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन टेकली आहे. हे पूर्ण काढून, साफ करून नव्याने भरायला हवं. कदाचित रूट कॅनल. महिनाभर तरी त्या दाताला त्रास द्यायचा नाही.”

“महिना?” देक खुर्चीत ताठ झाली. “परवा कानसायचेत!”

“मग नुसती डागडुजी करते. पण ती भात खाण्यापुरती. कानशीखाली नाही टिकणार.”

“परवापर्यंतच टिकवा ना!”

“अगं, परवाच तर त्याच्यावर कानस चालणार!”

झालं. ठेवावं तर हलतंय, जोडावं तर टिकत नाही, बदलावं तर वेळ नाही. देकच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडताना नाक चोंदलं की कापूस भरलेल्या तोंडाने श्वासही घेता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. “माझे बापा,” ती कशीबशी म्हणाली. पुढचं तिला बोलवेना. दारातून ब्ली राकाने ते पूर्ण केलं, हळू आवाजात. डॉक्टर इथलीच होती. तिला सुतक समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि मग देकच्या डोक्यात दिवा पेटला. “डॉक्टर! तुम्ही जास्तीचं सिमेंट लावा ना. दाताच्या खाली, कंगोऱ्यासारखं. जेरो तेवढंच घासतील. दाताला कानस लागणारच नाही!”

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग छताकडे. “होईल. पण कीड न खरवडता मी वर लिंपतेय, हे मला अजिबात पटलेलं नाही. जेरोंना सांग, कंगोऱ्यावर थांबायचं. आणि सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी इथे. वचन?”

“वचन!”

परत येताना देक मोटरसायकलवर मागे बसून गात होती. ब्ली ओरडला, “तोंड मिट, किडे जातील सिमेंटमध्ये!” तिने आणखी मोठ्याने गायलं. केवढं डोकं आपलं!

संध्याकाळी बापाने तिला जवळ बोलावलं. गावात घरोघरी हाडं कोरतात, पण बापासारखा हात कोणाचा नव्हता. बैलाच्या हाडातून तो वेलीचं पान असं काढायचा, की फुंकर मारली तर हलेल असं वाटावं. आता हातात हत्यार धरवत नव्हतं. मात्र तारीख ठरल्यापासून तो रोज देकच्या दातांवरून अंगठा फिरवायचा. काम सुरू करण्याआधी कारागीर हाड चाचपतो तसा.

“आ कर.”

देकने आ केला. तिला आत्ता कुठे कंगोरा आठवला. अंगठा डावीकडून आला, उजव्या दातावर थांबला. पुढे गेला. परत आला.

“हा कंगोरा कुठला?”

“काही नाही बापा. जरा डागडुजी केली.”

“हाड बोटाला गार लागतं. हे गार नाही.”

देकने सगळं सांगून टाकलं. कणीस, सावली, डॉक्टर, आपली युक्ती. शेवटी शेवटी तर थोडी फुशारकीसुद्धा मारली. बापा ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे परवा कानस चालणार सिमेंटवर. आणि मी म्हणायचं, पोरीचे दात केले.”

“बाकीचे आहेत ना बापा! माझेच आहेत.”

“घराचं दार सोडून खिडक्या रंगवायच्या?”

“मग खऱ्या दातावर चालवू दे कानस!”

“आणि मोडला तर?”

“मोडू दे!”

“गप.” त्याला धाप लागली. “माझं काम उरकायला तुझा दात मोडायचा? बाप आहे की कसाई? ब्लीचं लग्न होऊ दे. तुझं बघू पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी! या घरात कित्येक दिवसांत हे दोन शब्द कोणी उच्चारले नव्हते. उंबरा जपून ओलांडतात तसे सगळे हे शब्द ओलांडून जायचे. मेमे पंख्याने वारा घालत होती, तिचा हात थांबला.

“पुढच्या वर्षी तू कुठे असणार?” देक म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. पण आता बांध फुटला होता. “आणि मग वर, देवाघरी, मी समोरून चालत येईन, आणि तू म्हणशील, ही कोणाची पोर? मी हाका मारीन आणि तू बाजूला सरून मला वाट करून देशील! मी तिथे काय करू बापा? कोणाकडे जाऊ?”

मेमेने पदराचा बोळा तोंडात घातला. बापाने डोळे मिटून घेतले. पोट वर-खाली होत होतं, वर-खाली. देकला वाटलं, तो झोपला. किंवा… नाही, झोपलाच.

“आधी कंगोरा,” तो डोळे न उघडता म्हणाला. “मग दातावर एक हात. एकच, हलका. मी उशाशी बसणार. तुझा हात माझ्या हातात. दुखलं की दाबायचं. मी थांबवीन.”

सोहळ्याच्या सकाळी त्याला दोन चुलत्यांनी उचलून आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. देक पिवळ्या वस्त्रात आडवी झाली. कपाळावर सोन्याची फुलं. जेरो मंकूंना सगळं सांगून झालं होतं. त्यांनी मान डोलावली होती, पण भुवया उंचच होत्या. त्यांनी तिच्या दाढांमध्ये उसाचा तुकडा दिला, तोंड उघडं राहावं म्हणून, आणि कानस पाण्यात बुडवली.

बाजूचे दात सुरळीत झाले. आवाज कवटीत घुमत होता, जणू डोक्यातच कोणी हाड कोरतंय. डावा, पिवळा, सुद्धा चिवट निघाला. तिने भुकटीसाठी ठेवलेल्या पिवळ्या शहाळ्यात थुंकलं. मग उजवा. कंगोरा भुकटी होऊन जिभेवर पडला, खडूसारखा बेचव.

“आता दात,” बापा म्हणाला.

जेरोंनी तिच्याकडे पाहिलं. देकने डोळ्यांनी हो म्हटलं.

एक हात फिरू लागला. हलकाच. आणि अर्ध्यातच काहीतरी कडकन गेलं. लिंपण सुटलं आणि त्याबरोबर दाताचा कोपराही. वारा आत शिरला. त्याच्यामागून उसाचा रस शिरला, गोड, आणि त्या गोडाने तिच्या डोळ्यांपुढे पांढरा जाळ उठला. कोणी तापलेला खिळा नाकातून मेंदूत ठोकतंय असं वाटलं. टाचा चटईवर घासल्या गेल्या. इवाने तिचे पाय धरले आणि ती मोठ्याने जप करू लागली.

आणि देकचा हात बापाच्या हातात होता.

दाबला असता तर संपलं असतं. जेरो थांबले असते, बापा म्हणाला असता “पुरे”, आणि काम अर्धं राहिलं असतं, बापाच्या मनात कायमचं अर्धं. देकने हात मेलेल्या माशासारखा सैल सोडला. जी काय ताकद होती ती उसावर काढली. ऊस दाढेखाली चिरडला, आणखी रस आला, आणखी जाळ. तरी बोटं सैल. सैल, सैल, सैल, ती मनात घोकत राहिली, उद्या परीक्षा असल्यासारखी.

“झालं,” जेरो म्हणाले.

तिने शहाळ्यात थुंकलं. भुकटी, रक्त आणि सिमेंटचा जुना तुकडा. दातवाल्याने लिंपलेला तुकडा आता देवघरामागे पुरला जाणार होता, तिच्या खऱ्या दातांच्या भुकटीबरोबर. इवाच्या देवाला चालो न चालो.

बापाचा अंगठा आला. रेषेवरून हळूहळू सरकला. उजव्या दाताच्या मोडक्या काठावर पोचला तेव्हा देकचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. अंगठ्याला रक्त लागलं. ते त्याने बघितलं.

“दाबलं का नाहीस?” त्याचा आवाज फाटला होता.

“दुखलंच नाही,” देक म्हणाली. वाऱ्याने शब्द कापले जात होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“खोटारडी.”

“तुझीच पोर.”

तो हसायला गेला आणि खोकला. चुलत्यांनी त्याला परत उचललं. जाताना तो म्हणत होता, केलं बरं का, दात केले, पोरीचे दात केले, जो भेटेल त्याला, खांबालासुद्धा.

दुपारभर मांडवात लग्न चाललं. ढोल, धूर, डुकराच्या भाजीचा वास. मेमेने लवंगेच्या तेलाचा बोळा दाताशी धरायला दिला. वरचा ओठ सुजून नाकाला भिडला. फोटोवाला ओरडला, “नवरदेवाची बहीण, हसा की जरा!” आणि ब्ली राका भर मांडवात त्याच्या अंगावर धावून गेला. उद्या डॉक्टरकडे जायचं होतं. दात राहतो की जातो कोण जाणे, आणि उद्या बाहेर पडायची वेळ येईल की घरात बसायची, तेही कोण जाणे.

देक मांडवातून उठली आणि चौथऱ्यावर बापाच्या उशाशी जाऊन बसली. तो झोपला होता. तोंड उघडं होतं. प्रत्येक श्वासानंतर एक मोकळी जागा राहायची, सकाळपेक्षा मोठी. त्या जागेत देकचा दात ठसठसायचा, एकदा, दोनदा. मग पुढचा श्वास यायचा.

आला.

तिने बोळा दाताशी घट्ट दाबला आणि त्याच्यापुढच्या श्वासाची वाट बघत राहिली.