कोऱ्या रांगेतला पट्टा

शेवटच्या रांगेत केवळ पाणी होते, आणि त्या रांगेतही पट्टा उमटला होता.

जनुकांच्या चाचणीचे ते तळहाताएवढे छायाचित्र तिने पुन्हा दिव्याखाली धरले. बारा रांगा : पहिलीत तुलनेसाठी प्रयोगशाळेने जपलेला, ओळखीचा जहाल जीवाणू, मग मामाच्या दहा कोंबड्यांच्या आतड्यांतले नमुने, शेवटी पाणी — जे कोरेच राहायला हवे, कारण पाण्याला जनुके नसतात. पट्ट्यांवरून जीवाणूचा गट ठरतो, गटावरून त्याचा जहालपणा... दहाही रांगा हुबेहूब पहिलीसारख्या. तिने मामाला दिलेल्या अहवालात मात्र रांगा अकराच होत्या. कडेची बारावी तिने कापली होती. चौकट नीट बसावी म्हणून, असे तेव्हा स्वतःला सांगितले होते — आणि स्वतःनेही ते फारशी खळखळ न करता ऐकून घेतले होते.

फोन वाजला. मामाच.

"शेड धुऊन चुना मारला गं. नवी पिल्लं कधी भरू?"

"मामा, थोडं थांबा."

"थांबतो की. तीन हजार पक्षी तुझ्या एका कागदावर मारले, आता चार दिवसांनी काय बिघडतंय? मामी म्हणते, भाचीचं शिक्षण सार्थकी लागलं. मी म्हटलं, लागलं, फक्त कोंबड्यांना विचारू नकोस."

तो हसला. तिनेही हसण्यासारखा आवाज काढला. रागावला असता तर... पण तो आभार मानत होता, आणि तिची मान खाली जात होती, जणू फोनमधून त्याला ती दिसत होती. मामाचा गबाळेपणा तिला लहानपणापासून ठाऊक. त्याच्या शेडमध्ये जहालच काही सापडणार, हे तिने नमुने उघडण्यापूर्वीच गृहीत धरले होते. विद्यार्थ्यांना मात्र ती सांगत असे, की संशय घेणे हाच आपला पेशा.

"थांबू कशासाठी गं? काही बोलायचंय का?"

"हो. बसा आधी."

फोन कानाशी तसाच धरून तिने नोंदवही ओढली. आज सकाळी नव्या पाण्याने, नव्या हातमोज्यांनी सगळे पुन्हा केले होते : पाणी कोरे, दहाही नमुने निरुपद्रवी गटातले. तोंडी सांगताना आपण पुन्हा काहीतरी कापू, अशी तिला भीती वाटली. म्हणून ती आधी लिहू लागली.

ओळखीचा जहाल जीवाणू सर्वांत शेवटी उघडायचा असतो. त्या दिवशी मी तो सर्वांत आधी उघडला, आणि हातमोजे न बदलता नमुन्यांत मिसळायच्या पाण्याची बाटली हाताळली. तेच पाणी प्रत्येक नमुन्यात गेले.