कोपऱ्यावर उतरणारी विद्यार्थिनी

"थांब, थांब, इथंच," मागं बसलेल्या आईनं अवंतीच्या खांद्यावर थाप मारली. "पुढं नको. मुलं बघतील."

अवंतीनं सेव-उसळच्या गाडीपाशी स्कूटर उभी केली. "ऊन बघ केवढं आहे. आज तरी गेटपर्यंत चल."

"म्हणजे लोक म्हणायला मोकळे, मॅडम आईला मागं बसवून आणतात, पेपरही घरीच फोडत असतील! तूच शिकवतेस ना, न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे."

"माझंच शस्त्र माझ्यावर?"

"दुसऱ्या कुणाचं आणू? फी तुझ्याच कॉलेजात भरलीय," म्हणत आईनं नातवाची जुनी सॅक पाठीवर अडकवली आणि ती चालू लागली.

प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झाल्यावर निरुपमाबाईंनी कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा रावपुऱ्यातल्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला होता. त्यातून घटनेचा विषय शिकवायला पोटची लेक. अवंतीनं प्राचार्यांना रीतसर कळवलं, आईचे पेपर तपासायला दुसरे सर नेमून घेतले. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, त्यामुळं वर्गात कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. तास गुजरातीत आणि इंग्रजीत चाले. घरातली मराठी दोघी त्या कोपऱ्यावरच ठेवून येत. आत गेलं की आई तिला 'मॅडम' म्हणे आणि हजेरीला चक्क उभी राही.

मुलांनी काही विचारलं की अवंती सहज म्हणून जाई, "छान प्रश्न." पहिल्या बाकावर आईचा हात वर दिसला, की मात्र तिची नजर आधी मागच्या बाकांवरून फिरून येई आणि ते दोन शब्द राहून जात. आईचे प्रश्न खरोखरच चांगले असत, हीच पंचाईत होती.

त्या दिवशी विषय होता पक्षपाताचा. स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व. भाच्याला नोकरी लावणारा मामा, मेहुण्याला ठेका देणारा अधिकारी, अशी उदाहरणं मुलांनी पटापट दिली. आईचा हात बराच वेळ वर होता.

"बोला, निरुपमाबेन," शेवटी अवंती म्हणाली.

"मॅडम, समजा निवड समितीत बाप बसलाय आणि समोर त्याचाच मुलगा. लोक काय म्हणतील, या धास्तीनं बापानं मुलाला मुद्दाम कमी गुण दिले. तर तोही पक्षपातच नाही का?"

"मासी, असा बाप देव कुणाला न देवो!" मागून मयंक ओरडला. वर्ग हसला. आईही हसली.

अवंतीचे कान तापले. "वेळ संपली," ती म्हणाली. "पुढच्या तासाला बघू."

परतताना कोपऱ्यावर स्कूटरवर बसता बसता आई म्हणाली, "टाळलास प्रश्न."

"टाळला नाही. तास संपला होता."

"मग आता सांग."

"घरी शिकवणी नाही. आपलं ठरलंय."

"बरं बाई. पुढच्या तासाला मीच आठवण करीन. सोडणार नाही तुला."

त्या रात्री आई झोपेतच गेली.

दिवसकार्य आटोपून अवंती कॉलेजला निघाली, तेव्हा त्या कोपऱ्यावर तिचा हात आपसूक ब्रेकवर गेला. उतरणारं कुणी नव्हतं. गाडीवाल्यानं वर बघितलं आणि मान खाली घालून तो पुन्हा कांदा चिरू लागला.

वर्गात पहिल्या बाकावरची ती जागा कुणी घेतली नव्हती. ऑफिसानं हजेरीपटातून नाव काढलं होतं. अवंतीनं हजेरी घेतली, पट मिटला.

"मागच्या तासाचा एक प्रश्न राहिलाय," ती म्हणाली. "त्याचं उत्तर 'हो' असं आहे. तोही पक्षपातच. झुकलेला म्हणतील या भीतीनं काटा दुसऱ्या बाजूला झुकवला, तरी तो सरळ होत नाही. अशा माणसानं खुर्ची सोडावी. खुर्चीत बसून आपल्याच माणसाला कमी द्यायचं आणि त्याला न्याय म्हणायचं, हे बरोबर नाही."

तिनं पट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आणखी एक. निरुपमाबेन माझी आई."

कुणी चमकलं नाही. मयंक हळूच उभा राहिला. "मॅडम, अमने खबर हती. मासींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डब्यातले लाडू वाटले आणि म्हणाल्या, ती शिकवते ना, ती माझी मुलगी. वर प्रत्येकाला शपथ घातली, की तुम्हांला कळू द्यायचं नाही. नाहीतर म्हणे ती आणखी कडक होईल."

"आणि कोपऱ्यावर?"

"आम्ही समोरच चहा पीत असायचो. स्कूटर दिसली की टपरीमागं लपायचो."

अवंतीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. ते ओसरेपर्यंत तिनं टेबलाची कड धरून ठेवली. मग ती पहिल्या बाकाकडे वळली आणि त्या वर्गात पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"छान प्रश्न विचारलास, आई."