वाकडा दात

चेहरे जुळवायच्या साइटवर एका चित्रकर्तीने काढून ठेवलेले डोळे, केस, ओठ निवडून मी गेलेल्या आईचं चित्र बनवलं. तिचा वाकडा दातसुद्धा सापडला. कोपऱ्यातलं चित्रकर्तीचं नाव कापलं आणि ‘मी काढलं’ असं लिहून सगळ्यांना पाठवलं.

शेजारी बसलेली धाकटी बहीण चिहाया उखडलीच. “ताई, तू नुसतं निवडलंस गं! काढलं कुणी? नियम तरी वाच!”

“वाचते, बाई!” म्हणत मी फणकाऱ्याने चित्रकर्तीचे नियम उघडले.

‘नाव राहू द्या. एकेक बट मी हाताने काढली आहे. वाकडा दात माझ्या आजीचा आहे.’

मी चित्राकडे बघतच राहिले. कुणाच्या तरी आजीच्या दाताने माझी आई हसत होती.

नाव परत लावलं आणि त्या चित्रकर्तीची माफी मागत फोनसमोर कमरेत वाकले. चिहाया हसेल असं वाटलं. तीही वाकली होती.